कृष्णाकाठी दुसरं सरकार

तुम्ही वडूजच्या मामलेदार कचेरीसमोरच्या गर्दीत उभे आहात. तारीख ९ सप्टेंबर १९४२. श्रावण सरत आलाय. येरळेकाठच्या या मुलखात पाऊस हात राखूनच पडतो, त्यामुळे आजूबाजूच्या गावांतून चालत आलेल्यांच्या पायांनी चांगली धूळ उडाली आहे. मागणं एवढंच, की कचेरीवर तिरंगा लावायचा. शेजारचा गडी खांद्यावरची घोंगडी सावरत तुम्हाला न्याहाळतो. ‘कुठनं आलासा?’ तुम्ही पुण्याचं नाव घेता. ‘मग फुडं जाऊ नगासा. तुमास्नी पळाया यायचं न्हाई.’

त्याचं म्हणणं खरं ठरायला फार वेळ लागत नाही. बंदुका सुटतात. झेंडा घेऊन सर्वांत पुढे असलेले वडगावचे परशुराम घार्गे कोसळतात. त्यांच्यासह नऊ माणसं त्या दिवशी जिवाला मुकतात. दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपुरात तेच. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे. एक यंत्रांवर काम करणारा शिकलेला माणूस आणि एक खेड्यातला तरुण, दोघं एकाच मोर्चात पडले. साताऱ्याची चळवळ समजून घ्यायची तर ही जोडी आधी ध्यानात ठेवा. ही नुसत्या शेतकऱ्यांची लढाई नव्हती आणि नुसत्या शिकलेल्यांची तर नव्हतीच.

हा जिल्हा एका रात्रीत पेटला असं वाटत असेल, तर पंच्याऐंशी वर्षं मागं चला. साताऱ्याचा गेंडामाळ, ८ सप्टेंबर १८५७. सतरा जणांना इथं मारण्यात येतंय. कुणाला फास, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम आहे. हे तेच रंगो बापूजी गुप्ते, जे आपल्या राजाचं गाऱ्हाणं घेऊन लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षं तिथं कंपनीच्या दारात बसले. १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं होतं, १८४७ मध्ये ते तिथंच वारले, १८४८ मध्ये डलहौसीनं राज्यच खालसा केलं. अर्ज, विनंत्या, इंग्रज वकील, सगळं करून पाहिल्यावर म्हातारा परत आला आणि बंडाच्या तयारीला लागला. पुढं तो निसटला तो कायमचा. मुलगा मात्र गेंडामाळावर राहिला. ज्या गादीच्या नावानं एकेकाळी अटकेपर्यंत फौजा गेल्या, त्या गादीचं शहर कलेक्टरच्या हाताखालचं जिल्ह्याचं ठिकाण झालं, त्याची ही गोष्ट. लोक अशा गोष्टी विसरत नाहीत. इतिहासाची पुस्तकं घरात नसली तरी.

आता १९४३ मध्ये या. भूमिगत झालेल्या माणसांनी इथं स्वतःचं प्रतिसरकार उभं केलंय. पण नकाशा बदलून घ्या. तुमच्या मनातला सांगली जिल्हा अजून जन्मलेला नाही. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळं साताऱ्यातच आहे, आणि त्याच्या अंगावर संस्थानांची ठिगळं आहेत. सांगलीत पटवर्धन, मिरजेत पटवर्धन, औंधात पंतप्रतिनिधी. कुंडल गाव भौगोलिकदृष्ट्या तासगावच्या कुशीत, पण राज्य औंधाचं. फरारी माणसाला याहून सोयीचा प्रदेश कुठला? कोस-दोन कोस चाललं की राज्य बदलतं, फौजदार बदलतो, वॉरंटाचा कागद लटका पडतो. त्यातही औंधाचे राजे भवानराव म्हणजे वेगळंच प्रकरण. त्यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं कायदा करून आपली सत्ता गावपंचायतींच्या हाती दिली होती. कुंडलच्या पोरांना पंचायत कशी चालते ते आधीपासूनच ठाऊक होतं. प्रतिसरकारवर लिहिताना लोक बंदुकांपासून सुरुवात करतात. मला हा औंधाचा कायदा जास्त महत्त्वाचा वाटतो.

पण बंदुकाही आहेत, आणि त्यांची हौस तुम्हाला असणारच. तर ७ जून १९४३, शेणोली. मीटरगेजच्या रुळावर दगड रचलेले. पगाराची रक्कम घेऊन निघालेली गाडी थांबते. प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे तरुण वर चढतात. जी. डी. लाड, ज्यांना सगळे बापू म्हणतात, त्यांचं वय विशीच्या आसपास आहे, हे त्यांच्याकडं बघून पटत नाही. हत्यारं बघाल तर हसाल: काठ्या, कोयते, घरी केलेले हातबॉम्ब. डब्यातल्या उतारूंना कुणी हात लावत नाही. पैसा चळवळीत जातो. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला हीच माणसं थेट खानदेशात जाऊन धुळ्याजवळ चिमठाण्याला सरकारी खजिना लुटतील. साडेपाच लाखांचा.

भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर वेगळाच तमाशा आहे. एक बाई आणि एक गडी, नवरा-बायकोचं भांडण. तो मारतोय, ती ओरडतेय, ठाण्यातले शिपाई मजा बघायला आणि मग सोडवायला बाहेर आलेत. मारही खोटा नाही. खोटा वाटू नये म्हणून खरा मारलाय. तेवढ्यात मागून बंदुका गेल्या. ती बाई म्हणजे प्रतिसरकारचे पुढारी नाना पाटील यांची मुलगी हौसाबाई. पंच्याण्णव वर्षांची होऊन त्या २०२१ मध्ये गेल्या.

मग सांगलीचा गणेशदुर्ग. २४ जुलै १९४३, शनिवार, कृष्णेला पाणी आलेलं. किल्ल्यातला तुरुंग फोडून वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तटावरून खंदकात उड्या टाकतात. पाठोपाठ गोळ्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मरतात. वसंतदादांच्या खांद्यात गोळी घुसते आणि ते पकडले जातात. या माणसाला पुढं मुख्यमंत्री म्हणून तुम्ही बघितलंय. आज ते रक्तानं भिजलेले, पंचविशीतले तरुण आहेत.

इथंच थोडं थांबा आणि समुद्र ओलांडा. साल हेच, १९४३, महिना ऑक्टोबर. इथिओपियाच्या उत्तरेचा तिग्राय प्रांत. मेकेले गावावर विमानं येतात. ती इंग्रजांची आहेत, एडनच्या तळावरून उडालेली. याच एडनचा कारभार १९३२ पर्यंत आपल्या मुंबई इलाख्यातून चालायचा. आणि १८६८ मध्ये मुंबईहूनच निघालेली नेपियरची फौज याच तिग्रायच्या डोंगरांतून मगदालाला गेली होती. तिग्रायचे शेतकरी बाँब पडण्याइतकं काय करत होते? इटलीला हाकलून सम्राट हैले सेलासी गादीवर परत आला होता आणि त्याचे अंमलदार कर वाढवून, लाच खाऊन, गावांच्या जुन्या सभा बाजूला सारून राज्य करू लागले होते. हैले मरियम रेडाच्या पुढारीपणाखाली शेतकरी उठले. आमचं आम्ही बघू, हे त्यांचं म्हणणं. सम्राटाला ते आवरेना, म्हणून त्यानं इंग्रजांची विमानं मागवली. उठाव मोडला, जमिनी जप्त झाल्या, कर वाढले.

तिग्राय हा काही आडमुलूख नव्हे. अक्सूमचं प्राचीन राज्य तिथलं. त्यांची सोन्याची नाणी, त्यांचे एकसंध दगडी स्तंभ, खडकात कोरलेली चर्चं. १८७२ ते १८८९ या काळात इथिओपियाच्या गादीवर योहानेस चौथा बसला तो तिग्रायचाच. म्हणजे साताऱ्यासारखंच. एकेकाळी गादी आपली, आता अंमलदार दुसऱ्याचा. अक्सूमचा एक स्तंभ मुसोलिनीनं १९३७ मध्ये रोमला उचलून नेला, तो २००५ मध्ये परत आला. एवढी वर्षं त्याची मागणी सोडली नाही, हे वाचताना मला लंडनच्या दारातले रंगो बापूजी आठवतात.

सातारकरांवर त्या वर्षी विमानं आली नाहीत. त्यांच्या वाट्याला लाठ्या, गोळ्या, सामुदायिक दंड आणि जप्त्या आल्या. का, याचं उत्तर सोपं नाही, पण कुंडलच्या आसपासची गावं मेकेलेइतकी दूर नव्हती आणि पुणे-मिरज रूळ त्यांतूनच जात होता, हे तर खरंच.

आता १९४४ चा उन्हाळा. रात्रीची वेळ. या गावाचं नाव मी सांगत नाही, कारण असं गाव एक नव्हतं. तिथले वादी-प्रतिवादीही कुठल्या एका खटल्यातले नाहीत. ज्या तऱ्हेच्या तक्रारी प्रतिसरकारच्या न्यायमंडळांपुढं येत, त्यांतून हा प्रसंग उभा केलाय.

दहा-बारा वर्षांचं पोर तुम्हाला मळ्याच्या वाटेनं नेतंय. बांधावर सावली हलते.

‘कोन हाय?’

‘म्या हाय, दाजी. पाव्हनं आल्याती संगट.’

‘इडी पेटवू नगासा म्हनावं.’

वस्तीवर गेल्यावर अंगणात साठ-सत्तर माणसं बसलेली दिसतात. एका बाजूला बाया, पदर डोईवरून घेतलेल्या, पण गप्प नाहीत. एक कंदील, तोही वात बारीक केलेला. मध्ये पाच पंच. गावानंच निवडलेले. त्यातल्या एकाच्या हातात कागद आहे. निकाल झाला की नोंद होईल, आणि पोलीस आले तर तोच कागद आधी चुलीत जाईल.

पहिली तक्रार एका विधवेची. नवऱ्यानं दुष्काळात सावकाराकडून पैसे घेतले, बदल्यात जिराईत रान लिहून दिलं. मुद्दल केव्हाच फिटलं, रान सावकाराकडंच. सावकारही बसलाय. त्याला बोलावलं आणि तो आला, ही आजच्या रात्रीची पहिली मोठी गोष्ट. तालुक्याच्या कोर्टात तो वकील पाठवतो. इथं स्वतः मांडी घालून बसावं लागतं. तो म्हणतो, कागद माझ्याकडं हाय. पंच विचारतात, ‘पीक किती वर्सं खाल्लंसा?’ तो आकडा सांगतो. मागून एक म्हातारी त्याचा आकडा दुरुस्त करते. हशा पिकतो. तो पुन्हा आकडा सांगतो, या वेळी बरोबर. अर्ध्या तासात निकाल: रान बाईचं, या हंगामापासून. सावकारानं कागद आणून पंचांसमोर फाडायचा.

हे अर्ध्या तासात का होऊ शकलं? कारण वादी, प्रतिवादी, साक्षीदार, पंच सगळे एकमेकांना ओळखतात. इथं खोटं बोलायची सोय नाही. स्टँप नाही, तारखा नाहीत, इंग्रजी नाही. इंग्रज कोर्टात त्याच बाईला किती खेटे पडले असते याचा हिशेब तुम्ही तुमच्या तालुक्याच्या कोर्टात जाऊन आजही करू शकता.

दुसरं प्रकरण नवऱ्यानं टाकलेल्या बायकोचं. तिसरं दारूचं. गावात गाळलेली दारू, गाळणारा पंचांपैकी एकाचा चुलतभाऊ. पंच उठून बाजूला बसतो. हे मला आवडलं, तुम्हालाही आवडेल.

चौथं प्रकरण आल्यावर मात्र अंगण गप्प होतं. एका माणसानं पोलिसांना बातमी दिली, असा आरोप. त्यामुळं शेजारच्या वस्तीवर छापा पडला, दोन पोरं पकडली गेली. शिक्षा काय, सगळ्यांना माहीत आहे. बाहेर अफवा अशी की प्रतिसरकारवाले पायाला घोड्याचा नाल ठोकतात, म्हणूनच लोकांत त्याला पत्री सरकार म्हणतात. प्रत्यक्षात तळपायांवर काठ्यांचा मार, इतका की महिनाभर चालता येऊ नये. अफवा त्यांना सोयीचीच होती; ती त्यांनी मोडायचा फार प्रयत्न केला नाही.

तुम्हाला बघवत नाही. आणि मी तुम्हाला बघा म्हणणार नाही, पण त्यावर पांघरूणही घालणार नाही. या न्यायाला वरचं कोर्ट नव्हतं. भाऊबंदकीतून एखाद्यावर आळ आला नसेल, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? सावकाराचा कागद फाडणारे पंच आणि काठी उचलणारे हात एकाच चळवळीचे होते. गौरवग्रंथांतून पहिली बाजू पानंच्या पानं येते आणि दुसरी दोन ओळींत, विनोदानं. ते बरोबर नाही. पण इंग्रज अंमलाची हीच तक्रार होती की हे गुंडांचं राज्य आहे, आणि तेही खोटं होतं. गुंडांना या चळवळीनंच आधी मोडलं. दरोडेखोरांच्या टोळ्या, पोलिसांच्या आडोशानं राहणारे, त्यांचा बंदोबस्त केला म्हणून तर गावांनी भाकरी दिली.

२५ मे १९४४, कुंडल. शेणोलीची गाडी लुटणारे तेच जी. डी. बापू आज नवरदेव आहेत, विजयाताई नवरी. याला गांधी विवाह म्हणतात: हुंडा नाही, मानपान नाही, कर्ज नाही. वॉरंट असलेला माणूस हजारोंच्या साक्षीनं लग्न लावतोय आणि पोलीस फिरकत नाहीत. सरकार कुणाचं आहे हे त्या दिवशी कुणाला विचारावं लागलं नाही. गंमत बघा, गांधीजी याच महिन्यात तुरुंगातून सुटलेत आणि पुढं भूमिगतांना उघड व्हायचा सल्ला देणार आहेत. साताऱ्यातले बहुतेक तो ऐकणार नाहीत. त्यांचं नाव लग्नाला, आणि सल्ल्याला रामराम.

नाना पाटील तुम्हाला भेटले तर पहिली गोष्ट जाणवेल ती देह. पैलवानी, फेटा बांधलेला. दुसरी गोष्ट भाषा. येडे मच्छिंद्रचा हा माणूस १९३० मध्ये तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आला, त्याआधी सत्यशोधकांच्या संगतीत घडला. शेतसारा म्हणजे काय, तो कुठं जातो, हे त्यांना दप्तरातून ठाऊक होतं आणि सांगता मात्र बांधावरच्या बोलीत येत होतं. चार वर्षं इनाम लावूनही सरकारला हा माणूस सापडला नाही.

सगळेच इतके सुदैवी नव्हते. १९४५ च्या फेब्रुवारीत वारणेच्या खोऱ्यात, मणदूरजवळच्या डोंगरात, पोलिसांशी झालेल्या चकमकीत वाळव्याचे किसन अहिर आणि नानकसिंग पडले. नानकसिंग मूळचा पंजाबचा, पोरांना बंदूक शिकवायला आलेला. त्यांचे साथीदार नागनाथ नायकवडी वाचले. पुढं त्यांनी वाळव्यात सहकारी साखर कारखाना काढला तेव्हा त्याला किसन अहिरांचं नाव दिलं.

१९४६ मध्ये मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं उठली, माणसं उघड झाली. यानंतरचा प्रवास भराभर करू, कारण तो तुम्हाला माहीत आहे. १९४९ मध्ये जिल्हा दुभंगला: उत्तर सातारा, दक्षिण सातारा. १९६० मध्ये दक्षिणेचं नाव सांगली झालं. चळवळीतली माणसंही दुभंगली. यशवंतराव चव्हाण आणि वसंतदादा काँग्रेसमध्ये राहिले, दोघंही मुख्यमंत्री झाले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतरावच होते.

तिग्रायमध्ये मोडलेल्या उठावाचं नाव पुढच्या पिढीनं पुन्हा घेतलं. १९७५ मध्ये तिथं लढा सुरू झाला, मुक्त केलेल्या भागात गावोगाव निवडलेल्या सभा बसल्या, जमीन वाटली गेली, निवाडे झाले. मधल्या १९८४-८५ च्या दुष्काळात माणसं हजारोंनी मेली. १९९१ मध्ये हे लढणारे अदिस अबाबाला सत्तेवर पोचले, आणि सत्तेवर बसल्यावर गावच्या सभांचं काय झालं याबद्दल तिथले लोकही कडू बोलतात. नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा युद्ध पेटलं, दोन वर्षांनी प्रिटोरियात करार झाला. विस्थापितांची घरवापसी त्यानंतरही रखडलेलीच राहिली.

आपल्याकडं निभावलं ते यासाठी, की साताऱ्याच्या मागं सबंध देश उभा होता आणि समोरचं सरकार जायच्या तयारीत होतं. तिग्रायच्या नशिबी तसं कधी आलं नाही. शौर्यात फरक होता म्हणून नव्हे.

आणखी एक. स्वातंत्र्यसैनिकांचं निवृत्तिवेतन सुरू झालं तेव्हा पुरावा मागितला गेला: तुरुंगाचा दाखला, वॉरंट, फरारी जाहीर केल्याचा कागद. ज्या बाया रात्री उठून वीस माणसांच्या भाकरी थापत होत्या, ज्या पोरानं तुम्हाला बांधावरून वस्तीवर नेलं, त्यांच्याकडं यातलं काही नव्हतं. न्यायमंडळाची नोंद तर चुलीत गेली. तेव्हा तुमचं मूळ गाव वाळवा, तासगाव, पलूस, खानापूर, शिराळा, कराड, खटाव यांतलं कुठलंही असेल, तर पुढच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की भूमिगतांना भाकरी कोण न्यायचं. नाव मिळालं तर तारखेसकट लिहून काढा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.